अद्भुतकथा भूमीवर उतरते तेव्हा



आजचा विषय थोडा पोरकट वाटण्याचा संभव आहे. अद्भुत कादंबऱ्यांतल्या पात्रांचे वेष करणारी, त्यांच्या नावाने मंडळे काढणारी, त्यांतले खेळ खऱ्या मैदानावर खेळणारी तरुण मंडळी हल्ली जगभर दिसतात. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे परमुलखाचे खूळ वाटते. आमच्या मते पुस्तके परकी असतील, वृत्ती परकी नाही. तिचा पुरावा वऱ्हाडातच आहे.

अकोल्याचा उन्हाळा सोसवेना, की आपण चिखलदऱ्याची वाट धरतो. तेथे भीमकुंड दाखवितात. भीमाने कीचकाला मारून दरीत फेकले आणि या कुंडात हात धुतले. कीचकाचा दरा तोच चिखलदरा, असे लोक सांगतात. आता महाभारतातला कीचकवध घडतो विराटाच्या नगरीत, आणि विराटाचा मत्स्यदेश विद्वान लोक राजस्थानात, बैराटच्या बाजूला दाखवितात. मग कीचक मेळघाटात कसा येऊन पडला? आमचे उत्तर असे, की ऐकणाऱ्यांनीच त्याला येथे आणला. कथा मनात भरली, म्हणून त्यांनी तिला आपली दरी देऊन टाकली.

वर्धेच्या काठचे कौंडिण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर मानतात, आणि अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातून श्रीकृष्णाने तिला नेले, ही आख्यायिका तर आपल्यापैकी अनेकांनी आजीच्या तोंडून ऐकली असेल. आषाढीला कौंडिण्यपूरहून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते. एका लेकीचे माहेरपण सारा मुलूख पाळतो. येथे श्रद्धा आहे, केवळ रसिकता नव्हे. हा भेद आम्ही विसरत नाही. पण ऐकलेल्या कथेतले नाते पायांनी चालून निभावण्याची ओढ दोन्हीकडे दिसते.

या ओढीत बळ किती असते? कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले. प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झन पाहिला आणि द्रौपदीत आपला देश पाहिला. १९१० साली सरकारने त्या नाटकावर बंदी घातली. बंदुका बाळगणारे सरकार जुन्या कथेतल्या एका खलपुरुषाला भ्याले, ते समोर बसलेल्या प्रेक्षकांमुळे!

आता परदेशाकडे पाहू. ‘हॅरी पॉटर’च्या कथांत जादूगार मुले झाडूवर बसून हवेत क्विडिच खेळतात. २००५ साली अमेरिकेतल्या मिडलबरी कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी तो खेळ जमिनीवर आणला. उडता येत नाही, तर दोन पायांत झाडू धरून धावू, असा त्यांचा सरळ हिशेब! खेळ अनेक देशांत पसरला आणि २०२२ साली त्याने क्वाडबॉल हे नवे नाव घेतले. २००५ सालीच या कथांच्या वाचकांनी ‘हॅरी पॉटर अलायन्स’ ही संस्था काढली. २०१० साली हैतीत भूकंप झाला, तेव्हा या वाचकांनी पैसा उभा करून मदतीच्या सामानाची विमाने तिकडे धाडली. पुस्तकातला नायक संकटात धावून जातो, वाचकही धावले.

मात्र या वृत्तीला दुसरी बाजूही आहे. कथा अंगात भिनलेला माणूस जसा नायक होऊ पाहतो, तसाच तो खलपुरुषही शोधू लागतो. परसत्तेत कीचक पाहणे निराळे, आणि मतभेद झाला म्हणून शेजाऱ्याला कीचक ठरविणे निराळे. तसेच, भीमकुंडाची गोष्ट सांगताना त्याच डोंगरात राहणाऱ्या कोरकू लोकांचे जिणे आणि १८०३ साली इंग्रजांनी घेतलेल्या गाविलगडाचा इतिहास नजरेआड होता कामा नये. कथेला कथेचा मान द्यावा, इतिहासाला इतिहासाचा.

म्हणून आमची सूचना साधी आहे. आपल्या घरचा मुलगा वा मुलगी उद्या एखाद्या कथेतल्या वीराचा वेष करून समोर उभी राहिली, तर हसून तिला वाटेला लावू नका. वाचनालयाने वर्षातून एक दिवस या मुलांना आपले दालन द्यावे. त्यांनी वेष करून यावे, आपापल्या कथा सांगाव्यात, आणि थोरांनी त्या मन लावून ऐकाव्यात. मग शेवटी एवढेच विचारावे : “बाळांनो, तुमचा हा वीर आपल्या गावात आला असता, तर त्याने पहिले काम कोणते हाती घेतले असते?” उत्तर मिळेल, अशी आमची खात्री आहे. त्या कामात त्यांच्याबरोबर उभे राहणे हे आपल्याकडे लागते.