कबुतर नको, नळ काढा
(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



मी चित्रकार नाही, मास्तरही नाही. दर रविवारी वस्तीतल्या विहारात पोरं जमवतो, कागद-खडू देतो, एवढंच. तिथं जे शिकलो ते सांगतो.

पहिल्या रविवारी म्हटलं, "शांतीचं चित्र काढा." झाडून सगळ्यांनी कबुतर काढलं. पांढरंशुभ्र, चोचीत डहाळी. शाळेच्या भिंतीवरचं. मी विचारलं, "आपल्याकडं कबुतर काय करतं रे?" एक बोलला, "दादा, पत्र्यावर हगतं." सगळे हसले, मीही हसलो. पण मनात आलं, शांतीसुद्धा आपली पोरं दुसऱ्याच्या वहीतून उतरवून घेतायत.

पुढच्या रविवारी प्रश्न बदलला. "तुमच्या घरात, गल्लीत शांतता कधी असते? लिहा नाहीतर काढा." आता कागद बोलायला लागले. एकानं लिहिलं, 'पप्पा पिऊन झोपले की.' नऊ वर्षांच्या एका पोरीनं ओळीनं बंद दारं काढली. खाली लिहिलं, 'पोलिस येउन गेल्यावर.'

दोस्तांनो, ही शांतता म्हणजे भीती आहे. 11 जुलै 1997 ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले, राखीव पोलिसांनी गोळ्या घातल्या, 10 माणसं मेली. गोळ्या थांबल्यावर तिथंही आवाज थांबलेच असतील. त्याला शांती म्हणायचं? व्यवस्था 'शांतता राखा' म्हणते तेव्हा तिला आपलं तोंड बंद हवं असतं. पोरांना हे भाषणानं कळत नाही, स्वतःच्या हातानं काढलं की कळतं.

फ्रीडल डिकर-ब्रांडाइस नावाची एक ज्यू चित्रकार होती. नाझींनी तिला 1942 साली तेरेझीनच्या छळछावणीत टाकलं. तिथं ती कोंडलेल्या पोरांना चित्रं शिकवायची. कागद नव्हता, तर कचेरीच्या फॉर्मांच्या पाठीवर. पोरांनी चित्रावर आपलं नाव घालावं असा तिचा आग्रह. माणसांचे नंबर करणाऱ्यांच्या राज्यात नाव! 1944 च्या ऑक्टोबरात तिला आउश्विट्झला नेऊन मारलं. त्यातली बहुतेक पोरंही मारली गेली. पण जाण्याआधी तिनं सुमारे साडेचार हजार चित्रं दोन सुटकेसांत लपवली होती. ती आज प्राग शहरात आहेत, बऱ्याच चित्रांवर नावांसकट.

तेव्हा आपणही काही पथ्यं पाळू. कागदावर पोराचं नाव पाहिजे. शुद्धलेखन तपासायचं नाही, 'येउन' तर 'येउन'. पहिला-दुसरा नंबर नाही, बक्षीस नाही. एखाद्याला दाखवायचं नसेल तर कागद घडी करून त्याच्याच खिशात. जखम उकरायची नाही, पोर सांगेल तेवढंच ऐकायचं. घरातली मारहाण कुणी लिहिली तर तो कागद भिंतीवर लावायचा नाही. त्या पोराशी एकट्यानं बोलायचं, जमेल ती मदत उभी करायची.

आणि दुखण्यापाशीच थांबायचं नाही. तिसऱ्या रविवारी मी विचारलं, "मग काय झालं की बरं वाटेल?" बंद दारंवाल्या त्याच पोरीनं नळ काढला. धो धो वाहणारा. भोवती भरलेले हंडे, दारं सताड उघडी, आणि बाया गप्पा मारत बसलेल्या. भांडण नाही, कारण पाणी सगळ्यांना पुरतंय.

20 मार्च 1927 ला महाडच्या तळ्यावर बाबासाहेबांनी पाण्याला हात घातला. ते या पोरीला अजून कुणी शिकवलेलं नाही. तरी हक्काचं पाणी आणि शांती एकाच कागदावर बसतात, हे तिचं तिला उमगलं. आता महाड सांगायला मला जागा झाली.

तुमच्या वस्तीतही अशी पोरं आहेत. छापखान्यातला पाठकोरा कागद चालतो, खडूचे तुकडे चालतात. रविवारचे दोन तास काढा. कोण कुठल्या वस्तीत बसणार, ते आज उठायच्या आत ठरवू.

जयभीम.