पाण्याखालचा पहिला धडा

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यासमोर भूमध्य समुद्रांत पोर-क्रो नांवाचें एक लहान बेट आहे. तें व त्याच्या भोंवतालचा समुद्र १९६३ पासून राष्ट्रीय उद्यान म्हणून राखलेला आहे. बेटाच्या उत्तर अंगास ला पालुदची पुळण लागते. तेथील आडोशाच्या उथळ पाण्यांत नवशिक्यांसाठीं एक जलमार्ग बोयांनीं आंखून दिलेला आहे.

नवशिक्याची सामुग्री तीनच वस्तूंची: कांचेचा मुखवटा, तोंडांत धरावयाची वांकडी नळी व पायांचे रबरी पंख. डोळ्यांस पाण्यांत नीट दिसण्यास त्यांच्यापुढें हवा लागते; ती मुखवटा पुरवितो. मात्र या योगें वस्तु सुमारें एकतृतीयांश मोठ्या व जवळ भासतात, आणि नवशिक्याचा हात शिंपल्याच्या अलीकडेच पडतो.

नळी दोन वितींहून फारशी लांब कां नसते? कारण एक मीटर खोलीवरच पाण्याचा भार छातीवर इतका पडतो कीं, वरची हवा आंत ओढणें अशक्यप्राय होतें. दहा मीटरांवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट भरतो. कान तर दोन-तीन मीटरांतच दुखूं लागतात. तेव्हां नाक चिमटींत धरून हळूच फुंकावें. इटालियन शरीरशास्त्रज्ञ वाल्साल्वा (१६६६–१७२३) याच्या नांवानें ही युक्ति ओळखली जाते. तरीही कान न सुटल्यास वर यावें. हट्ट केल्यास पडदा फाटतो.

कूस्तो व गान्यां यांच्या श्वासयंत्राची परीक्षा १९४३ सालीं याच किनाऱ्यावर झाली. येथें एक भेद ध्यानीं धरावा. यंत्र घेऊन उतरलेल्यानें वर येतांना श्वास कधींही कोंडूं नये. दहा मीटरांवर भरलेली हवा पृष्ठभागीं दुप्पट होऊं पाहते, आणि फुप्फुस फाटतें. नळीवाला उलट श्वास कोंडूनच बुडी मारतो. त्यानें बुडीपूर्वीं भराभर दीर्घ श्वास घेऊं नयेत. त्यामुळें प्राणवायु फारसा वाढत नाहीं, कर्बवायु मात्र घटतो. आणि श्वासाची निकड त्या कर्बवायूनेंच जाणवत असल्यामुळें मनुष्य नकळत पाण्यांतच मूर्च्छित होतो. म्हणून पट्टीच्या पोहणाऱ्यासही सोबती हवा.

तळाशीं डुलणारीं हिरवीं कुरणें शेवाळाचीं नव्हेत. पोसिडोनिया ही मुळें, पानें व फुलें असलेली, केवळ भूमध्य समुद्रांतील वनस्पति आहे. तिची वाढ अतिशय मंद. नांगरानें उखडलेला पट्टा भरून येण्यास कित्येक दशकें लागतात. म्हणून तळास पाय न लावतां संथ श्वासानें तरंगत राहणें, हा पहिला धडा. त्यानें पाहुण्याचा जीव व यजमानाचें घर, दोन्हीं सुखरूप राहतात.