होडीवरचा दिवा : निवड आणि निगा



आजचा विषय ऐकून काहींना नवल वाटेल. पीक, खत, पाणी सोडून साहेब होडीच्या दिव्याचे काय सांगत बसले? पण भीमेवरचे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि सोलापूर, पुणे व अहिल्यानगर या जिल्ह्यांत पाण्याची मोठी फूग पसरली. कोणाचे घर एका काठाला आणि जमीन दुसऱ्या काठाला, अशी गत झाली. कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठीही होडी आणि लाँच ही चैन नाही, ती वाट आहे. दुधाचे कॅन, खताची पोती, कडबा, बाजाराची माणसे आणि मासेमारीची जाळी, सगळे पाण्यावरून जाते. म्हणजे बैलगाडीसारखी होडीसुद्धा शेतीचे औजारच झाली. आणि औजार म्हटले की त्याची निगा आलीच.

काही वर्षांपूर्वी हिवाळ्यात मी पलीकडच्या काठावरची केळीची बाग पाहून परत येत होतो. दिवस मावळला होता, पाण्यावर धुके उतरू लागले होते. आमच्या होडीला दिवा होता. पण वायरीचा जोड नुसता पिळून वर चिकटपट्टी लावलेला. मध्यावर आल्यावर तो एकदा लुकलुकला आणि गेला. नावाडी म्हणाला, “असू द्या साहेब, वाट पायाखालची आहे.” वाट त्याच्या ओळखीची होती, यात शंका नाही. पण समोरून दुधाचे कॅन घेऊन दुसरी होडी येत होती, आणि तिला तर दिवाच नव्हता. इंजिनाच्या आवाजात इंजिन ऐकू येईना. दोन कासऱ्यांवर आल्यावर एकमेकांच्या आकृत्या दिसल्या. दोघांनी होड्या वळवल्या, तरी बाजू बाजूला घासलीच. दोन कॅन पाण्यात गेले, माणसे वाचली. काठाला लागेपर्यंत कोणी बोलले नाही. कारण तीन रुपयांच्या वायरीचा एक जोड, एवढेच होते.

दिवा कशासाठी?

पहिली गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. होडीवरचा दिवा आपल्याला दिसावे म्हणून नसतो, आपण दुसऱ्याला दिसावे म्हणून असतो. ट्रॅक्टरच्या दिव्यासारखा झगझगीत झोत होडीच्या तोंडावर कायम लावून चालणे म्हणूनच चुकीचे आहे. पाण्यावर रस्ता नाही, तेव्हा झोत पडणार कशावर? उलट समोरच्या नावाड्याचे डोळे दिपतात. अंधाराला डोळा पुरता सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात, आणि एका झोताने तो सराव क्षणात मोडतो. झोताचा दिवा जरूर बाळगा, पण तो हातात. काठ शोधताना, जाळ्याचे तरंगे पाहताना किंवा पाण्यातला अडथळा पाहताना तेवढ्यापुरता लावावा. उन्हाळ्यात उजनीचे पाणी उतरले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते, हे आपण पाहतोच. तशीच जुनी ताली, भिंती आणि झाडांची खोडे पाण्याच्या जरा खाली दबा धरून असतात, हे विसरू नये.

कोणता दिवा कोठे?

जगभर एकच रीत आहे आणि ती सोपी आहे. होडीच्या तोंडाकडे तोंड करून उभे राहा. डाव्या बाजूला तांबडा, उजव्या बाजूला हिरवा. लक्षात ठेवायला औताची खूण घ्या : डावीकडचा बैल तांबडा, उजवीकडे हिरवे रान. त्याशिवाय एक पांढरा दिवा उंच काठीवर, चहूबाजूंनी दिसेल असा.

जहाजांची टक्कर टाळण्यासाठी १९७२ मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांत लहान होडीचा विचार केलेला आहे. १२ मीटरपेक्षा कमी लांबीच्या इंजिनाच्या होडीला चहूबाजूंनी दिसणारा एक पांढरा आणि बाजूचे दोन रंगीत दिवे चालतात. पांढरा दिवा रंगीत दिव्यांपेक्षा निदान १ मीटर उंच असावा. ७ मीटरपेक्षा लहान आणि ताशी सुमारे १३ किलोमीटरपेक्षा जास्त न पळणाऱ्या होडीला एक पांढरा दिवाही चालतो, पण शक्य असेल तर रंगीत दिवेही लावावेत असे नियम सांगतो. नुसत्या वल्ह्याच्या होडीने निदान पांढरी हातबॅटरी किंवा पेटता कंदील हाताशी ठेवून, टक्कर टळेल इतक्या आधी तो दाखवावा.

आपल्या देशात १९१७ चा जुना कायदा जाऊन अंतर्देशीय जहाजांसाठी २०२१ चा नवा कायदा आला आहे. आपल्या होडीला नेमके काय लागू आहे, ते नोंदणी आणि परवाना देणाऱ्या कार्यालयात विचारून घ्यावे.

समोरचे दिवे कसे वाचावेत?

तांबडा आणि हिरवा दोन्ही एकदम दिसले, तर होडी थेट तुमच्यावर येत आहे. अशा वेळी दोघांनीही आपापल्या उजवीकडे वळावे.

उजव्या हाताने एखादी होडी आडवी येत असेल, तर तिचा तांबडा दिवा तुम्हाला दिसेल. वाट तिची आहे. वेग कमी करा, तिच्या मागून जा. डाव्या हाताने आडवी येणाऱ्या होडीचा हिरवा दिसेल, म्हणजे वाट तुमची. तरी सावध राहावे, कारण समोरच्याला नियम ठाऊक असेलच असे नाही. थोडक्यात शहरातल्या चौकासारखेच : तांबडा दिसला थांबा, हिरवा दिसला बेताने पुढे चला.

नुसता पांढरा दिसला तर ती पाठमोरी होडी असेल, वल्ह्याची असेल किंवा एकच दिवा लावणारी लहान होडी असेल. लांबूनच वळसा घ्यावा.

आता कळले ना, की रंगांची अदलाबदल किती घातक आहे? तांबड्याच्या जागी हिरवा लावणारा माणूस दिवा नसणाऱ्यापेक्षाही धोकादायक. पांढऱ्या दिव्यावर रंगीत जिलेटीनचा कागद गुंडाळू नये. तो उन्हाने उडतो, आणि महिन्याभरात तांबडा दिवा फिकट पांढरा होतो.

दिवा आणि बॅटरी कशी निवडावी?

एलईडी दिवा घ्यावा. तो वीज थोडी खातो आणि हादऱ्याने तार तुटत नाही. घेताना डब्यावर ‘आयपी ६७’ अशी खूण आहे का, ते पाहा. असा दिवा धूळ आत घेत नाही आणि १ मीटर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी आत पाणी जात नाही. रंगीत दिवे होडीसाठीच बनवलेले घ्यावेत. त्यांना आडोसा असतो, म्हणून तांबडा उजवीकडून आणि हिरवा डावीकडून दिसत नाही.

आता बॅटरीचा हिशेब पाहू. हिशेब मोटेच्या पाण्यासारखाच आहे : विहिरीत किती आणि उपसा किती. समजा पांढरा दिवा ३ वॅटचा आणि रंगीत दोन दिवे २-२ वॅटचे. एकूण ७ वॅट. त्याला १२ व्होल्टने भागले की सुमारे ०.६ अँपिअर येतो. ५ तास दिवे चालले तर ३ अँपिअर-तास खर्च झाले. शिशाची बॅटरी अर्ध्याखाली उपसली की तिचे आयुष्य घटते. म्हणून ७ अँपिअर-तासाच्या बॅटरीतून साडेतीनच वापरायचे. म्हणजे ही लहानशी बॅटरी आपल्याला पुरते. त्याच बॅटरीवर गाडीचा ५५ वॅटचा हॅलोजन लावला, तर पाऊण तासात तेवढीच वीज संपते. आता शहाण्याने काय घ्यावे, ते ठरवावे.

इंजिन बटणावर सुरू होणारे असेल, तर दिव्यांची बॅटरी वेगळी ठेवा. नाहीतर इंजिन सुरू होईना आणि दिवाही लागेना, असे दोन्हीकडून अडकाल. होडी दिवसभर काठाला उन्हात असेल, तर १० वॅटचे लहान सौर पॅनेल आणि त्याचा चार्ज कंट्रोलर लावता येतो. लिथियमची बॅटरी हलकी असते, पण तिला तिचाच चार्जर लागतो, शिशाच्या बॅटरीचा लावू नये.

वायर, जोड आणि फ्यूज

दहातले नऊ दिवे बल्बमुळे नव्हे, जोडामुळे जातात, असे कोणताही जुना वायरमन सांगेल. म्हणून :

१. अनेक तारांची तांब्याची, दीड चौरस मिलिमीटरची वायर वापरा. मध्ये जोड नको. द्यावाच लागला तर दाबून बसवलेली नळी आणि वर उष्णतेने आवळणारे रबर घाला. नुसती पिळलेली तार आणि चिकटपट्टी म्हणजे उद्याचा अंधार.

२. बॅटरीच्या अधिक टोकाजवळच ३ अँपिअरचा फ्यूज बसवा. फ्यूजच्या जागी तार कधी घालू नये, होडीत डिझेलही असते.

३. वायर होडीच्या तळातून नेऊ नका. काठाच्या आतून वरून न्या आणि वीतभर अंतरावर बांधा.

४. बॅटरी झाकणाच्या पेटीत, उंचावर, पट्ट्याने आवळून ठेवा. पेटीला हवा जायला भोके हवीत. चार्ज होताना बॅटरीतून जळणारा वायू निघतो, तेथे बिडी-काडी नको.

निगा : रोजची, आठवड्याची, पावसाळ्यापूर्वीची

रोज निघण्यापूर्वी, उजेड असतानाच, तिन्ही दिवे लावून पाहा. काठावर उतरून, चहूबाजूंनी फिरून पाहा. कडबा किंवा उसाच्या मोळ्या भरल्यावर पुन्हा पाहा, कारण ओझ्याआड दिवा झाकला की तो असून नसल्यासारखा. काठी उंच करता येईल अशी ठेवली, तर ही अडचण राहत नाही.

आठवड्यातून एकदा दिव्याची काच मऊ फडक्याने पुसा. बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा थर आला असेल, तर तारा सोडवून ब्रशने साफ करा, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा. झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर शुद्ध केलेलेच पाणी घाला, विहिरीचे किंवा नळाचे नको. मीटर असेल तर काही तास विसावलेली बॅटरी मोजा. १२.६ च्या वर म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली असेल तर रात्री होडी सोडू नका.

मृग निघण्यापूर्वी सगळी वायर हाताने चाचपून पाहा. उंदराने कुरतडलेली, उन्हाने तडकलेली वायर बदलून टाका. होडी काही महिने काठावर ओढून ठेवणार असाल, तर बॅटरी घरी आणा आणि महिन्यातून एकदा चार्ज करा. रिकामी ठेवलेली बॅटरी कायमची मरते.

दिवा गेलाच तर?

होडीत कोरडी ठेवलेली एक हातबॅटरी आणि दोन फ्यूज असलेच पाहिजेत. वेग कमी करा, अधूनमधून इंजिन बंद करून कान द्या. समोर काही हलले की हातबॅटरीचा उजेड आपल्याच होडीवर आणि माणसांवर पाडा, म्हणजे समोरच्याला होडी केवढी ते कळते. मोबाईलच्या उजेडावर विसंबू नका. मोबाईल ११२ ला फोन करण्यासाठी राखून ठेवा.

होडी लागते त्या काठावरही एक कायमचा दिवा असावा. एकट्याला जड जाईल, पण ज्यांचे येणे-जाणे आहे त्या सर्वांनी मिळून केले तर अवघड नाही.

शेवटी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. दिवा वाऱ्याला अडवीत नाही. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी कुगाव ते कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात होडी उलटली आणि ६ जणांचे प्राण गेले. तेव्हा आभाळ भरून आले असेल तर होडी सोडू नका. जास्त माणसे घेऊ नका, आणि प्रत्येकाच्या अंगात तरंगणारे जाकीट असू द्या. एक रात्र पलीकडे मुक्काम झाला तर गोठ्यातली म्हैस रागावेल, एवढेच.

बंधूंनो, आपण तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावतो. त्याच वेळी होडीवरचाही लावत जा. समोरून येणाऱ्या होडीतही कोणाच्या तरी घरचा माणूस बसलेला असतो.

नमस्कार!