कॅमेऱ्याचे वजन आणि हाताची मूठ

राहुरी तालुक्यातील छायाचित्रकाराचा व्यवसाय लग्नमंडपात चालतो तसाच शेताच्या बांधावरही चालतो. मुळा धरणाच्या पाण्यावर पोसलेला ऊस, डाळिंबाच्या बागा आणि महात्मा फुले कृषी विद्यापीठाची प्रयोगक्षेत्रे या परिसरात असल्यामुळे, उसाच्या पानावरचा तांबेरा किंवा डाळिंबावरील तेल्याचे डाग निदानासाठी जवळून टिपणे, अवकाळी पावसानंतर पंचनाम्यास जोडावयाची छायाचित्रे काढणे, अशी कामे येथे निघतात. आणि ज्याला त्यासाठी सरीतून वाकून चालावे लागते, त्याच्या उपजीविकेशी कॅमेऱ्याच्या वजनाचा थेट संबंध येतो.

या प्रश्नाच्या विचारासाठी मी निकॉन कंपनीचे दोन कॅमेरे निवडले आहेत: २०१७ साली आलेला डी ८५० आणि २०१८ साली आलेला झेड ७. दोहोंतही चित्र सुमारे साडेचार कोटी बिंदूंचेच उमटत असल्याने चित्राच्या सूक्ष्मतेचा वाद बाजूस सरतो आणि तुलना केवळ बॉडीची उरते. बॅटरी व कार्ड घालून डी ८५० चे वजन १००५ ग्रॅम भरते, झेड ७ चे ६७५. म्हणजे तफावत ३३० ग्रॅमची. उंची एकाची १२४ मिलिमीटर, दुसऱ्याची १००.५. या तफावतीचे मूळ डी ८५० मधील आरशात आहे. १९५९ साली निकॉन एफ या कॅमेऱ्याबरोबर जी भिंगाची बैठक मुक्रर झाली आणि डी ८५० पर्यंत टिकली, ती आरशाच्या उघडझापीस जागा हवी म्हणून फिल्मपासून ४६.५ मिलिमीटर दूर ठेवावी लागली. झेड ७ मध्ये आरसाच नसल्यामुळे हे अंतर १६ मिलिमीटरांवर आले आणि बॉडी आटोपशीर झाली.

परंतु कागदोपत्री दिसणारी ही बचत बॅगेत कितपत शिल्लक राहते, याचा जमाखर्च मांडला पाहिजे. ज्याच्यापाशी जुनी भिंगे आहेत, त्याला ती झेड ७ वर चढविण्यासाठी १३५ ग्रॅमचा ॲडॉप्टर लागतो. शिवाय प्रमाणित कसोटीनुसार एका बॅटरीवर डी ८५० जेथे १८४० चित्रे काढतो, तेथे झेड ७ केवळ ३३० काढतो. प्रत्यक्ष कामात हा आकडा पुष्कळ वाढतो हे कबूल केले, तरी हळदीपासून वरातीपर्यंत चालणाऱ्या लग्नात दोन जादा बॅटऱ्या, म्हणजे सुमारे १६० ग्रॅम, खिशात बाळगणे भाग पडते. ही वजावट केली म्हणजे ३३० पैकी हाती उरतात अवघे ३५ ग्रॅम, आणि एवढ्यासाठी बॉडी बदलण्याचा खर्च मला मंजूर नाही.

नवी भिंगे घेतली की मात्र हिशेब पालटतो. २४ ते ७० मिलिमीटरचे एफ २.८ भिंग जुन्या घडणीत १०७० ग्रॅमचे होते, ते झेड मालिकेत ८०५ ग्रॅमचे झाले. बॉडी धरून एकीकडे २०७५ ग्रॅम व दुसरीकडे १४८० ग्रॅम, हा जवळजवळ सहाशे ग्रॅमचा भेद मान आणि मनगट यांना दुपारनंतर निश्चित जाणवतो.

हाताळणीचा विचार याहून नाजूक आहे. झेड ७ ची मूठ खोल असली तरी बुटकी असल्यामुळे मोठ्या पंजाच्या माणसाची करंगळी निराधार राहते. १४३० ग्रॅमचे ७० ते २०० मिलिमीटरचे भिंग लावले की सारा भार पुढे झुकतो, आणि तेथे डी ८५० ची उंच मूठच उपकारक ठरते. उलटपक्षी भर उन्हात, जेथे मागचा पडदा नीट दिसत नाही, तेथे झेड ७ च्या व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र किती उजळ किंवा काळवंडलेले येणार हे बटण दाबण्यापूर्वीच कळते, आणि पानावरील डागाचा रंग यथातथ्य येण्यासाठी हा लाभ मला फार मोलाचा वाटतो. मात्र झेड ७ चे भिंग काढताच सेन्सर उघडा पडतो, तर डी ८५० मध्ये पुढे आरसा व शटर आडवे असतात. गळिताच्या हंगामात ऊसवाहतुकीच्या रस्त्यांवर धूळ उडत असताना भिंग बदलणाऱ्याने हे विसरू नये.

तेव्हा मंडपात काम करणाऱ्याने, जुनी भिंगे जवळ असल्यास, डी ८५० च चालू ठेवावा. शेतातील चित्रे हेच ज्याचे मुख्य काम आहे आणि जो एकच भिंग दिवसभर लावून ठेवू शकतो, त्याने झेड ७ त्याच्याच मालिकेतील भिंगासह घ्यावा. कोणतीही खरेदी करण्यापूर्वी आपले सर्वांत जड भिंग दुकानात बरोबर न्यावे आणि ते लावलेला कॅमेरा पाव तास डोळ्याशी धरून पाहावा, एवढी माझी विनंती आहे.