हात पुन्हा मातीत



मोठ्या आजारातून उठलेल्या माणसाला आपण सगळे सांगतो, "विश्रांती घ्या, काही करू नका." सांगतो ते मायेनेच. पण महिनोन्‌महिने दुसऱ्याच्या हातून पाणी पिणाऱ्याला आपला कोणाला उपयोग राहिला नाही असे वाटू लागते. त्या दुखण्यावर गोळी नाही. परसबागेचा मात्र उपयोग होतो.

वरोऱ्याजवळच्या आनंदवनाचे नाव आपण ऐकले आहे. १९५१ साली बाबा आमटे आणि साधनाताई तिथे राहायला गेले, तेव्हा सोबत दोन लहान मुले, ६ कुष्ठरोगी, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि १४ रुपये होते. जमीन खडकाळ. कुष्ठरोगात हातापायांची संवेदना जाते, जखम झालेली कळत नाही. त्या हातांनी त्या मंडळींनी विहीर खणली, भाजी पिकवली. सुरुवातीला गावातले लोक ती भाजी घ्यायला कचरत. पुढे घेऊ लागले. काल भीक मागणारा हात गावाला भाजी देऊ लागला.

आमच्या घरी हे वेगळ्या रूपात आले. आमच्या सौ.ना कर्करोग झाला. दर २१ दिवसांनी केमो. त्या काळात रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, म्हणून डॉक्टरांनी मातीला हात लावू दिला नाही. मग मागच्या दारी आम्ही वाफा करायचा आणि त्यांनी खुर्चीवरून सांगायचे, असे ठरले. मेथी तीन-चार दिवसांत उगवते आणि महिन्याच्या आत काढणीला येते. पुढच्या केमोची तारीख मोजणारे आम्ही मेथीची पाने मोजू लागलो.

उपचार संपले तरी बोटे बधिर राहिली. चहाचा कप हातातून निसटायचा. डॉक्टरांना विचारून, हातमोजे घालून त्यांनी खुरपे धरले. पहिल्या दिवशी दहा मिनिटे, महिन्याभराने अर्धा तास. आपल्याकडच्या पावसात पालेभाजी कुजते, म्हणून गादीवाफे केले. माठ, कोथिंबीर, कडेने दोडक्याचा वेल, कोपऱ्यात जास्वंद आणि दुर्वा.

ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, हाताने पिकवलेले खायचे, ही आपली जुनी रीत. गेल्या वर्षी त्या दिवशी आमच्या परसातली भाजी गल्लीतल्या पाच घरी गेली. आजारपणात ज्यांनी आम्हाला डबे पोचवले, तीच ही घरे. पिशव्या सौ.नी स्वतः नेऊन दिल्या. परतल्यावर त्या म्हणाल्या, "आज कुणी तब्येत विचारली नाही, बी कुठून आणलं ते विचारलं."

बागेने कर्करोग बरा होत नाही. औषध आणि तपासण्या चुकवायच्या नाहीत. पण तुमच्या घरी कुणी दुखण्यातून उठत असेल, तर डॉक्टरांना विचारून एक कुंडी त्यांच्या ताब्यात द्या. पाणी तुम्ही घालू नका. ते काम त्यांचे राहू द्या.

गणपती बाप्पा मोरया!