अनुदान हवे, मिंधेपण नको
(पनवेल येथील कार्यकर्त्यांपुढील भाषण)



सार्वजनिक पैशातून चालणारे पाणवठे व धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कौन्सिलने १९२३ साली संमत केला. याच जिल्ह्यातील महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्यास मान्यता दिली. ती कागदावरच राहिली. तेव्हा १९२६ साली बोल्यांनी दुसरा ठराव मांडला : जी नगरपालिका अंमल करणार नाही, तिचे सरकारी अनुदान थांबवावे. चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर तर महाड पालिकेने मूळ ठरावच फिरवला. न्यायालयाचा अखेरचा निकाल लागायला १९३७ उजाडले.

पनवेलची नगरपालिका २०१६ साली महानगरपालिका झाली. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१७ पासून अमलात आहे. पण गावकीने वाळीत टाकलेल्या कुटुंबाबरोबर पोलीस ठाण्याची पायरी चढणारा माणूस कायदा पुरवत नाही. तो समतेचे काम करणारी मंडळेच पुरवतात, बहुधा पदरमोड करून. त्यांना महापालिकेने अनुदान का देऊ नये? (जयंतीच्या मंडपासाठी नव्हे, या कामासाठी.)

मात्र हेच मंडळ उद्या कंत्राटी सफाई कामगारांसाठी महापालिकेच्याच दारात उभे राहील. अनुदान नगरसेवकाच्या मर्जीवर असेल, तर त्या दिवशी त्याची वाचा बसेल. म्हणून निकष आधी जाहीर हवेत, मंजुरी तीन वर्षांची हवी, नकाराची कारणे लेखी हवीत. हिशेब अर्थातच चोख. आणि कार्यकर्त्यांनी वर्गणीची पावतीपुस्तके मिटून ठेवू नयेत; निम्मा खर्च तरी त्यांतूनच निघाला पाहिजे.