कथेतला सूर्य तपासताना



मागच्या गणपतीत मंडळाच्या स्पर्धेसाठी आमच्या लेकीने विज्ञानकथा लिहायला घेतली. तिची माणसं अगस्ती ताऱ्याच्या ग्रहावर जन्मली, वाढली, शहाणी झाली. आम्ही सरकारी नोकरीतले डिप्लोमावाले. कागद हातात आला की त्रुटी शोधायची सवय. त्रुटी सापडली.

अगस्ती या दिवसांत पहाटे दक्षिणेला दिसतो. ढग नसले तर खडोलीतल्या कारखान्यांच्या दिव्यांतूनही ओळखू येतो, इतका ठळक. फ्रँक हर्बर्ट यांच्या १९६५ सालच्या ‘ड्यून’ कादंबरीतला वाळवंटी ग्रहही त्याच्याभोवतीच फिरतो. पण हा तारा सूर्याच्या साधारण आठ-नऊ पट वजनाचा आणि दहा हजार पटींहून तेजस्वी. शिल्लक आठपट, खर्च हजारोपट! असा तारा काही कोटी वर्षांत आटोपतो. आपल्या पृथ्वीवर साधे प्राणी यायलाच जवळजवळ ४०० कोटी वर्षं लागली. तिथे माणूस उपजणार कधी?

“गोष्टच आहे ना, बाबा!” लेक रुसली. दोन दिवस अबोला.

तिला समजवायला आम्ही ‘स्टार ट्रेक’चा दाखला काढला. त्यातल्या स्पॉकचा सूर्य म्हणजे एप्सिलॉन एरिडानी, असं काही चाहते मानत. १९९१ साली निर्माते जीन रॉडनबेरी आणि तीन खगोलशास्त्रज्ञांनी ‘स्काय अँड टेलिस्कोप’ मासिकाला पत्र लिहिलं: तो तारा जेमतेम १०० कोटी वर्षांचा, तिथे बुद्धिमान जीव कसे होतील? ४० एरिडानी घ्या, वय सुमारे ४०० कोटी. तरुण तारा वेगाने फिरतो, त्यावर उलथापालथ जास्त. त्यावरून वय काढतात. आणि आपले जयंत नारळीकर तर ताऱ्यांचेच अभ्यासक. १९७४ साली त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने पाठवली आणि बक्षीस मिळवलं.

आम्हाला वाटलं, आता लेक तारा बदलेल. तिने अगस्ती तसाच ठेवला, माणसं बदलली. ती आता तिथली नाहीत; पोटापाण्यासाठी दुसरीकडून आलेली, तिसरी पिढी. म्हणाली, “आजोबा नाही का सिल्वासाला आले?”

या खेपेला आम्ही लाल पेन उचललं नाही. गोष्ट मंडपाच्या फळ्यावर लावली आहे, आरतीनंतर जरूर वाचा.